तयार मॉडेल इंजिन घरी सुधारताना : डीसीवरून डीसीसीकडे, पायरीपायरीने

खोक्यातून काढून रुळांवर ठेवले की धावू लागते, असे मॉडेल रेल्वेचे तयार इंजिन घेतल्यावर पहिले काही महिने समाधान असते. मग हळूहळू त्याच्या उणिवा नजरेत भरू लागतात. सांध्यावर, म्हणजे एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या रुळांवर, ते क्षणभर थांबते, कमी वेगात धक्के देते, मागे जातानाही पुढचा दिवा पेटलेलाच राहतो, आणि एकाच मार्गावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदम धावू लागतात. यांपैकी प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे आणि तो घरच्या टेबलावर करता येतो. डीसी म्हणजे रुळांतून थेट मोटरला जाणारी साधी एकदिश वीज; डीसीसी म्हणजे रुळांतूनच आकडी आज्ञा पाठवून प्रत्येक इंजिन त्याच्या पत्त्याने वेगळे चालवण्याची पद्धत; आणि इंजिनातले जे छोटे सर्किट त्या आज्ञा ओळखते तो डिकोडर. मी इंजिने उघडायला सुरुवात केली तेव्हा कोणते काम आधी आणि कोणते नंतर, हे सांगणारे कोणी जवळ नव्हते. त्यामुळे बराच वेळ वाया गेला आणि एक डिकोडर जळाला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा क्रम लिहून काढला आहे.

येथे जे सांगितले आहे ते मुख्यतः एचओ आणि डबल ओ या दोन प्रमाणांतील इंजिनांसाठी आहे. एचओ म्हणजे १:८७ आणि डबल ओ म्हणजे १:७६. दोन्हींचे रूळ मात्र १६.५ मिलिमीटर अंतराचेच असतात. एन प्रमाणातील ९ मिलिमीटर रुळांच्या इंजिनांनाही हीच तत्त्वे लागू पडतात, पण तेथे आत जागा इतकी कमी असते की पहिला प्रयोग त्यांच्यावर करू नये.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करून घ्या. डिकोडर अडखळणारे इंजिन बरे करत नाही, उलट त्याचे अडखळणे अधिक ठळक करतो. म्हणून आधी यंत्रभाग, मग वीज, मग इलेक्ट्रॉनिक्स आणि सर्वांत शेवटी रंगरूप, असाच क्रम ठेवावा. आणि प्रत्येक बदलानंतर इंजिन चालवून पाहिल्याशिवाय पुढच्या बदलाला हात लावू नये. दोन बदल एकदम केले आणि इंजिन बंद पडले, तर दोष कोणत्या बदलात आहे हे शोधण्यातच संध्याकाळ जाते.

जवळ काय हवे

– त्या इंजिनाचा सुट्या भागांचा आराखडा आणि डिकोडरचे माहितीपत्रक
– बारीक टोकांचे स्क्रूड्रायव्हर, टोकदार चिमटा, धारदार सुरी
– कंटिन्युइटी (विजेचा मार्ग अखंड आहे का ते) तपासताना बीप देणारा आणि १० अँपिअरपर्यंत प्रवाह मोजणारा मल्टिमीटर
– तापमान कमीजास्त करता येणारे, बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न आणि रोझिन फ्लक्स भरलेले बारीक सोल्डर
– वेगवेगळ्या जाडीच्या हीट-श्रिंक (उष्णतेने आवळणाऱ्या) नळ्या आणि कॅप्टन (Kapton) ही उष्णता सोसणारी टेप
– प्लास्टिकला न खाणारे हलके तेल, गिअरसाठीचे ग्रीस, आयसोप्रोपिल अल्कोहोल
– चाकांमधील आतले अंतर मोजण्याचा गेज किंवा व्हर्निअर कॅलिपर
– इंजिन उलटे ठेवण्यासाठी खाच पाडलेला फोमचा तुकडा
– चाचणीसाठी सरळ रुळाचा एक तुकडा, साधा डीसी कंट्रोलर आणि पुढे डीसीसीचे कमांड स्टेशन (आज्ञा पाठवणारे यंत्र)

साधी इन्सुलेशन टेप या यादीत मुद्दामच घेतलेली नाही. इंजिनाच्या आतल्या उष्णतेने तिचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि झाकलेली तार उघडी पडते.

१. सुधारण्याजोगे इंजिन निवडा

पहिल्या कामासाठी डिझेल किंवा विजेवर चालणाऱ्या इंजिनाची प्रतिकृती घ्यावी. तिच्या बॉडीत जागा असते, चाकांवर दांड्यांची गुंतागुंत नसते आणि बहुधा सर्व चाकांवरून वीज घेतलेली असते. छोटे टँक इंजिन (वेगळे टेंडर नसलेले वाफेचे इंजिन) दिसायला सोपे वाटते, पण करायला सर्वांत अवघड असते.

खोक्यावरील शब्द नीट वाचा. ‘डीसीसी रेडी’ याचा अर्थ आत सॉकेट आहे, इतकाच. डिकोडर तुम्हालाच घ्यावा लागतो. ‘डीसीसी फिटेड’ असे लिहिले असेल तरच डिकोडर बसवलेला असतो. नवखी माणसे येथे हमखास फसतात.

जुने इंजिन घेत असाल तर त्याच्या धातूच्या चॅसिसकडे बारकाईने पाहा. जस्ताच्या मिश्रधातूत ओतकामाच्या वेळी शिशासारखी अशुद्धी राहिली असेल, तर तो धातू वर्षानुवर्षे आतून फुगत जातो, वाकतो आणि शेवटी भुगा होऊन पडतो. पृष्ठभागावर फोड किंवा केसासारख्या भेगा दिसल्या, किंवा बॉडी पूर्वीसारखी बसत नसेल, तर त्या इंजिनावर पैसे आणि श्रम घालू नयेत. या रोगावर उपाय नाही. चॅसिस बदलणे एवढाच मार्ग उरतो.

२. काहीही न उघडता आधी डीसीवर चालवा

इंजिन साध्या १२ व्होल्ट डीसीवर अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे, मध्यम वेगाने चालवावे. नव्या इंजिनाचे गिअर आणि ब्रश यामुळे बसतात, आणि बिघाड असेल तर तो वॉरंटी शाबूत असतानाच लक्षात येतो. मग वेग अगदी कमी करून कान देऊन ऐका. चाकाच्या प्रत्येक फेरीत बरोबर एकदा अडखळत असेल, तर आसावरच्या प्लास्टिकच्या गिअरला चीर गेलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अडखळणे अनियमित असेल तर दोष बहुधा विजेच्या संपर्कात असतो. हा फरक ओळखता आला की निम्मे निदान झाले.

याच वेळी स्टॉल करंट, म्हणजे मोटर अडवून थांबवली असताना ती घेते तो प्रवाह, मोजून ठेवा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्टीवर ठेवून रुळाच्या एका तारेत मालिकेने जोडा, पूर्ण १२ व्होल्ट द्या आणि इंजिन बोटांनी दाबून चाके थांबवा. मोटर पूर्ण थांबली की आकडा वाचायचा आणि लगेच सोडायचे. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरू नये, कारण थांबलेली मोटर झपाट्याने तापते. एचओसाठीचे सर्वसाधारण डिकोडर सतत १ अँपिअरच्या आसपास प्रवाह सोसतात. आधुनिक मोटरचा आकडा बहुधा त्याच्या आत येतो, पण जुन्या उघड्या चौकटीच्या मोटरचा सहज बाहेर जातो. तसे असेल तर जास्त क्षमतेचा डिकोडर घ्यावा किंवा मोटर बदलावी.

३. बॉडी उघडा

आराखड्यात स्क्रू कोठे आहेत ते पाहिल्याशिवाय जोर लावू नका. काही बॉड्या स्क्रूंवर असतात, काही आतल्या खाचांवर, काही दोन्हींवर. आणि एखादा स्क्रू कपलिंगच्या किंवा बोगीच्या मागे लपलेला असतो. खाचांची बॉडी सोडवताना दोन्ही बाजूंना जाड कागदाच्या पातळ पट्ट्या सरकवून बाजू किंचित रुंदावाव्यात. बॉडी वर घेताना पहिला सेंटिमीटर फार सावकाश घ्या, कारण दिव्यांच्या तारा कधीकधी छपरात अडकवलेल्या असतात.

प्रत्येक टप्प्यावर छायाचित्र काढावे. लांबीने वेगवेगळे असलेले स्क्रू कागदावर इंजिनाची बाह्याकृती काढून ज्याच्या त्याच्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावेत. लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो वर येऊन सर्किट बोर्डाला टेकतो. ब्रशच्या स्प्रिंगा काढायच्या असतील तर हात आणि इंजिन दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काढा. उडालेली स्प्रिंग पिशवीतच राहते.

४. यंत्रभाग स्वच्छ आणि मोकळा करा

जुने, घट्ट झालेले ग्रीस कापसाच्या काडीने आणि अल्कोहोलने पुसून काढा. नवे तेल आसांच्या आणि मोटरच्या बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल इतकेच द्यावे. गिअरच्या दातांना ग्रीसचा पातळ लेप पुरतो. जास्त तेल दिले तर ते आसावरून चाकांवर आणि मोटरच्या कॉम्युटेटरवर जाते, तेथे कार्बनच्या धुळीत मिसळून काळा चिखल होतो, आणि ज्या अडखळण्यासाठी इंजिन उघडले तेच वाढते. मी पाहिलेल्या ‘बिघडलेल्या’ इंजिनांपैकी कितीतरी केवळ जास्त तेलाने आजारी पडलेली होती.

मोटर बाजूला काढून चॅसिस काचेच्या तुकड्यावर हलकेच ढकला. सर्व चाके काचेला टेकली पाहिजेत आणि ती अडथळ्याविना फिरली पाहिजेत. त्यानंतर जोडीतील दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर मोजा. डबल ओ आणि एचओच्या आजच्या चाकांत ते साडेचौदा मिलिमीटरच्या जवळपास असते. अंतर कमी असेल तर चाक सांध्यातील चेकरेलवर (रुळाशेजारच्या मार्गदर्शक पट्टीवर) चढते, जास्त असेल तर फ्रॉगच्या (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या) टोकाला धडकते. सांध्यावर रुळावरून घसरणारे इंजिन पाहून लोक रूळ उखडतात. दोष अनेकदा या अर्ध्या मिलिमीटरात असतो. चाक सरकवताना पिळत पिळत, दोन्ही बाजूंना सारखेच सरकवा, नाहीतर ते एका बाजूला जाते. दांड्यांनी जोडलेल्या चाकांच्या बाबतीत पिळताना क्रॅंकचा कोन बदलू नये याची विशेष काळजी घ्या.

५. वीज उचलण्याची व्यवस्था सुधारा

सगळ्या सुधारणांपैकी सर्वांत जास्त फळ देणारी आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी ही आहे. माझ्याकडे एकाच सुधारणेला वेळ असेल तर मी डिकोडर बाजूला ठेवून हेच काम करीन.

आधी स्वच्छता. रुळावर अल्कोहोलने ओला केलेला कागदी रुमाल आडवा ठेवा, एक बोगी त्यावर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून वीज द्या. रुमालावरची चाके जागेवर फिरतात आणि काळ्या रेघा उमटतात. रेघा उमटणे थांबेपर्यंत रुमाल सरकवत राहा, मग इंजिन उलट फिरवून दुसरी बोगी पुसा. सँडपेपर वापरू नये. त्याच्या ओरखड्यांत पुढची घाण अधिक घट्ट बसते.

मग प्रत्येक चाक तपासा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक सर्किट बोर्डाच्या तारेला आणि दुसरे चाकाच्या कडेला लावा, चाक हाताने फिरवा, आसावर डावीउजवीकडे सरकवा. बीप मध्येच तुटली तर त्या चाकामागची संपर्कपट्टी दूर राहते आहे. चिमट्याने ती किंचित चाकाकडे वळवावी. दाब इतकाच असावा की चाक टेकेल पण अडणार नाही.

ज्या चाकांवरून वीज घेतलेलीच नाही, त्यांच्यासाठी नव्या पट्ट्या बनवता येतात. तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाची अरुंद पट्टी कापा, तिच्यावरील तांबे मधोमध खरवडून दोन स्वतंत्र भाग करा, आणि पट्टी चॅसिसच्या खालच्या बाजूस इपॉक्सीने चिकटवा. प्रत्येक भागाला फॉस्फर ब्राँझची सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची तार सोल्डर करून तिचे टोक चाकाच्या मागच्या कडेवर हलके टेकू द्या. तार जितकी लांब, तितका तिचा दाब मऊ. म्हणून लहान तार सरळ लावण्यापेक्षा लांब तार वळण देऊन लावावी. वाफेच्या इंजिनाच्या टेंडरला (मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याला) हेच केले तर वीज उचलणारी चाके दुपटीच्या आसपास जातात आणि सांध्यावरचे थांबणे जवळजवळ नाहीसे होते. धातूच्या टेंडरमध्ये डाव्या-उजव्या बाजू चॅसिसमधून एकत्र येत नाहीत ना, हे आधी मल्टिमीटरने पाहून घ्या.

६. सॉकेट असलेल्या इंजिनात डिकोडर बसवा

सॉकेटचे प्रकार युरोपीय एनईएम मानकांनी ठरवलेले आहेत. ८ पिनांचे सॉकेट एनईएम ६५२, ६ पिनांचे ६५१, २१ पिनांचे ६६०, प्लक्स मालिका ६५८ आणि नेक्स्ट१८ म्हणजे ६६२. डिकोडर घेण्यापूर्वी सॉकेट उघडून पाहा आणि उपलब्ध जागेची लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये मोजा. डिकोडर आणि कमांड स्टेशन वेगवेगळ्या उत्पादकांचे असले तरी चालते; दोन्ही अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेच्या डीसीसी मानकांना धरून असावेत.

सॉकेटमधील कोरा प्लग (डिकोडर नसताना डीसीवर चालण्यासाठीचा) काढा, डिकोडर बसवा. ८ पिनी सॉकेटवर पहिल्या पिनेची खूण असते आणि डिकोडरची नारिंगी तार त्या पिनेला यावी लागते. उलटा बसला तर साधारणतः इंजिन चालते पण दिवे लागत नाहीत. वीज बंद करून प्लग फिरवला की काम होते. २१ पिनी सॉकेटमध्ये अकराव्या क्रमांकाची पिन मुद्दाम गाळलेली असते, तिच्यावरून दिशा ओळखावी.

डिकोडर संपूर्णपणे टेपमध्ये गुंडाळू नका. त्याला उष्णता बाहेर टाकावी लागते. धातूला टेकण्याचा धोका असेल तेथे कॅप्टन टेपचा एक थर चॅसिसवर लावा आणि डिकोडर दुहेरी फोमटेपने बसवा.

७. सॉकेट नसलेल्या इंजिनात तारा जोडा

येथे एकच नियम आहे आणि त्याला अपवाद नाही: मोटरची दोन्ही टर्मिनले रुळांपासून आणि चॅसिसपासून पूर्णपणे अलग असली पाहिजेत. डीसीवर रुळाची वीज थेट मोटरला जाते. डीसीसीमध्ये रुळाची वीज डिकोडरला आणि डिकोडरची वीज मोटरला जाते. मध्ये कोठेही आडवाट राहिली तर रुळावरची चौदा-सोळा व्होल्टची वीज डिकोडरच्या मोटरकडच्या भागात उलटी शिरते आणि तो क्षणात जळतो.

माझ्या पहिल्या जुन्या इंजिनात मी मोटरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा कापल्या आणि अलगीकरण झाले असे समजलो. मोटरच्या खालच्या ब्रशची धातूची पट्टी चॅसिसला दाबून बसत होती, ती मी पाहिलीच नाही. वीज देताच इंजिन एक इंच पुढे सरकले, थांबले, आणि जळक्या रोझिनसारखा वास आला. डिकोडरच्या पारदर्शक आवरणाखाली मोहरीएवढा तपकिरी फोड आला होता. दहा सेकंदांची मल्टिमीटरची तपासणी मी गाळली होती.

ती तपासणी अशी. सर्व तारा मोटरपासून सोडवा. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. मोटरचे पहिले टर्मिनल आणि डावी चाके, पहिले टर्मिनल आणि उजवी चाके, पहिले टर्मिनल आणि चॅसिस, असे तपासा. मग तेच दुसऱ्या टर्मिनलसाठी करा. सहाच्या सहा वेळा शांतता असली पाहिजे. एकदा जरी बीप आली तरी पुढे जाऊ नका. बॉडीचा स्क्रू घट्ट केल्यावर मोटर चॅसिसला टेकते, असेही होते. म्हणून सर्व स्क्रू आवळून पुन्हा एकदा तपासावे. जेथे ब्रशची पट्टी चॅसिसला टेकते तेथे ती कापून घ्यावी किंवा मध्ये कॅप्टन टेप अथवा प्लास्टिकची पातळ चकती घालावी. मोटरचा नायलॉनचा स्क्रू मिळाला तर धातूच्या स्क्रूऐवजी तोच वापरावा.

तारांचे रंग एनएमआरएच्या संकेतानुसार ठरलेले आहेत:

– लाल : उजव्या रुळाकडून
– काळी : डाव्या रुळाकडून
– नारिंगी : मोटरचे एक टर्मिनल
– करडी : मोटरचे दुसरे टर्मिनल
– पांढरी : पुढचा दिवा
– पिवळी : मागचा दिवा
– निळी : सर्व दिव्यांची सामायिक धन बाजू
– हिरवी आणि जांभळी : जादा सोयी

मोटरवर टीव्ही-रेडिओतील खरखर रोखण्यासाठी लावलेला कपॅसिटर असेल तर तो काढावा लागतो. डिकोडर मोटरचा वेग तिच्याकडून परत येणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखतो आणि कपॅसिटरमुळे त्या मोजणीत गोंधळ होऊन कमी वेगात इंजिन थरथरते.

सोल्डर करताना तार आणि टर्मिनल दोन्हींवर आधी वेगवेगळा पातळ थर चढवा, हीट-श्रिंक नळी तारेत आधीच ओवून सांध्यापासून दूर सरकवून ठेवा, आणि ३३० ते ३५० अंश सेल्सिअसच्या टोकाने दोन सेकंदांत सांधा पूर्ण करा. सांधा गुळगुळीत आणि तारेच्या आकाराला धरून बसलेला दिसला पाहिजे. गोळा होऊन वर बसलेला थेंब कच्चा असतो. आम्लयुक्त फ्लक्स विजेच्या कामात कधीही वापरू नये, तो तार आतून खातो. खोलीत हवा खेळती असावी.

८. पहिली चाचणी प्रोग्रॅमिंग रुळावर

इंजिन थेट मुख्य मार्गावर ठेवू नका. प्रोग्रॅमिंग रूळ म्हणजे डिकोडरची सेटिंग वाचण्या-लिहिण्यासाठी स्टेशनला वेगळा जोडलेला रूळ; त्यावर प्रवाह मर्यादित असतो. जोडणी चुकली असेल तर बहुतेक वेळा स्टेशन चूक दाखवते आणि डिकोडर वाचतो. सीव्ही म्हणजे डिकोडरमधील क्रमांक दिलेली सेटिंग; त्यांतील सीव्ही १ वाचून पाहा. नव्या डिकोडरमध्ये त्याचे मूल्य ३, म्हणजे पत्ता ३ असतो. मूल्य वाचले गेले तर रूळ आणि मोटर यांची जोडणी ठीक आहे, कारण डिकोडर उत्तर देताना मोटरलाच किंचित हिसका देतो.

आता इंजिनाला स्वतःचा पत्ता द्या. १२७ पर्यंतचा लहान पत्ता सीव्ही १ मध्ये बसतो. काही स्टेशने ९९ च्या पुढचे पत्ते मोठे मानतात, म्हणून लहान पत्ता ९९ च्या आत ठेवणे सोयीचे. चार आकडी पत्ता सीव्ही १७ आणि १८ मध्ये विभागून जातो. बहुतेक स्टेशने हे गणित स्वतः करतात, पण समजून घेतलेले बरे. १२३४ ला २५६ ने भागले की भागाकार ४ आणि बाकी २१० येते. सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक ४ म्हणजे १९६, आणि सीव्ही १८ मध्ये २१०. शिवाय सीव्ही २९ मध्ये मोठा पत्ता चालू करण्यासाठी ३२ मिळवावे लागतात. नेहमीचे मूल्य ६ असेल तर ते ३८ होते. इंजिन उलट दिशेने धावत असेल तर सीव्ही २९ मध्ये १ मिळवा, तारा पुन्हा सोडवण्याची गरज नाही.

वेग घडवण्यात घाई करू नका. सीव्ही २ हे सुरुवातीचे व्होल्टेज, ३ हा वेग घेण्याचा आणि ४ हा थांबण्याचा काळ, ५ हा सर्वाधिक वेग. मी आधी सीव्ही ३ आणि ४ शून्यावर आणतो, मग वेगाच्या पहिल्याच पायरीवर इंजिन जेमतेम हलेल इतका सीव्ही २ वाढवतो, त्यानंतर सीव्ही ५ कमी करून कमाल वेग खऱ्या गाडीला शोभेल इतका खाली आणतो, आणि शेवटी सीव्ही ३ व ४ पुन्हा वाढवतो. सगळे बिघडले असे वाटले तर अनेक डिकोडर सीव्ही ८ मध्ये ८ लिहिल्यावर मूळ स्थितीत येतात. माहितीपत्रकात खात्री करून घ्या.

आणखी एक इशारा. काही स्टेशनांवर पत्ता ० वापरून डिकोडर नसलेले इंजिनही डीसीसीवर चालवता येते. कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरचे इंजिन असे कधीही चालवू नये. उभे असतानाही तिच्यातून प्रवाह वाहत राहतो, ती गुणगुणते आणि थोड्याच वेळात तापून निकामी होते.

९. दिवे, विजेचा साठा आणि आवाज

जुन्या बल्बच्या जागी एलईडी लावताना प्रत्येकाला रेझिस्टर हवाच. डिकोडरकडून सुमारे १४ व्होल्ट येतात, पांढरा एलईडी सुमारे ३ घेतो, उरलेले ११ रेझिस्टरने झेलायचे असतात. १ किलोओहमने ११ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि आजचे एलईडी त्यावर डोळे दिपवतात, ४.७ किलोओहमने दिवा मॉडेलला शोभतो. निळी तार एलईडीच्या धन टोकाला, पांढरी किंवा पिवळी रेझिस्टरमधून ऋण टोकाला. जुन्या काळच्या इंजिनांना पिवळसर पांढरा रंग घ्या, निळसर प्रकाश त्यांच्यावर खोटा दिसतो. दिव्यामागून बॉडीचे प्लास्टिक उजळत असेल तर आतून काळा रंग द्यावा.

रुळावरील मळलेला भाग ओलांडण्यापुरती वीज साठवणारे कपॅसिटरचे तयार मॉड्यूल मिळते. ते डिकोडरच्या धन आणि ऋण बिंदूंमध्ये जोडायचे असते, रुळाच्या तारांमध्ये कधीच नाही. टोके उलटी झाली तर कपॅसिटर फुटतो. मॉड्यूल लावल्यावर प्रोग्रॅमिंग रुळावर सीव्ही वाचणे अडू शकते, म्हणून पत्ता आणि वेग आधी ठरवून घ्या.

आवाजाच्या डिकोडरला स्पीकर त्याच्या पत्रकात लिहिलेल्या ओहमचाच हवा. ८ ओहम सांगितले असताना ४ ओहमचा लावला तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. स्पीकरमागची डबी हवाबंद असली तरच आवाजाला खोली येते. तारेच्या छिद्राभोवतीची फट बुजवल्यावर काय फरक पडतो, ते एकदा करून ऐकावे.

१०. वजन आणि कपलिंग

इंजिन चढावर चाके फिरवत जागीच राहत असेल तर वजन वाढवा. ते चालक चाकांच्या मधोमध पडावे; एका टोकाला भरले तर दुसऱ्या टोकाची चाके हलकी होऊन वीजसंपर्क बिघडतो. शिशाचे छर्रे पांढऱ्या पीव्हीए गोंदात बसवू नयेत. शिसे त्या गोंदात गंजून फुगते आणि काही वर्षांनी बॉयलर आतून फोडते, इपॉक्सी वापरा. शिसे हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा, आणि ते मुलांपासून दूर ठेवा. वजन वाढवल्यावर इंजिन चालू असताना पुढून अडवून चाके घसरतात का ते पाहा. घसरण्यापूर्वीच मोटर अडकत असेल तर वजन जास्त झाले.

एनईएम ३६२ मानकाची कपलिंगची खोबण असलेल्या इंजिनात कपलिंग बदलणे मिनिटाचे काम आहे. केडी (Kadee) कंपनीच्या १७, १८, १९ आणि २० या क्रमांकांच्या कपलिंगांत फक्त लांबीचा फरक आहे. १७ सर्वांत आखूड. तुमच्या सर्वांत लहान वळणावर डबे एकमेकांना घासणार नाहीत अशांपैकी सर्वांत आखूड निवडा, आणि उंची गेजवर तपासा.

११. क्रमांक आणि रंगरूप

यंत्र समाधानकारक चालू लागल्यावरच हे काम घ्यावे. छापलेला क्रमांक काढण्यासाठी लाकडी काडीचे टोक अल्कोहोलमध्ये किंवा एनॅमल थिनरमध्ये बुडवून हळूहळू घासा. आधी बॉडीच्या आतल्या बाजूस तपासून पाहा, कारण काही रंग त्यासकट निघून येतात. नवे पाण्यातले डेकल (भिजवून चिकटवायची छापील अक्षरे-आकडे) चकचकीत थरावरच बसवावे. मॅट पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. डेकल सुकले की मॅट वार्निशने सर्व एकसारखे करा. धूळ आणि काजळी दाखवायची असेल तर खऱ्या इंजिनाची छायाचित्रे समोर ठेवूनच रंग द्या. फवारताना चाके, संपर्कपट्ट्या आणि स्पीकर झाकून घ्या.

१२. नोंद ठेवा

एका कागदावर इंजिनाचा पत्ता, डिकोडरचा प्रकार, बदललेले सीव्ही आणि त्यांची मूल्ये, स्टॉल करंटचा आकडा आणि शेवटच्या तेलाची तारीख लिहा. तो कागद, काढलेला कोरा प्लग, जुने कपलिंग आणि उरलेले स्क्रू एका छोट्या पिशवीत घालून इंजिनाच्याच खोक्यात ठेवा. डिकोडर कधी काढावा लागला तर त्या प्लगवर इंजिन पुन्हा डीसीवर धावते, आणि पुढच्या वेळी बॉडी उघडताना कोणता स्क्रू लांब आणि कोणता आखूड हे शोधावे लागत नाही.